बटणताई आणि माझा उजवा खांदा

माणसाचं तोंड मी सगळ्यात शेवटी बघतो. आमच्या धंद्यात आधी मान दिसते, मग कानामागची वळणं, मग टाळू. तोंड आरशात असतं, आणि आरशात सगळेच जरा बरे दिसायचा प्रयत्न करत असतात. त्यामुळे मी माणसं मागून ओळखतो आणि सहसा चुकत नाही. बटणताईलाही मी पहिल्यांदा मागूनच पाहिलं. फिजिओथेरपी कॉलेजच्या दवाखान्यात मी पलंगावर आडवा पडलो होतो, उजव्या खांद्याला शेकाची गरम पिशवी बांधली होती, आणि एक मुलगी माझ्याकडे पाठ करून भिंतीवरची बटणं एकामागून एक बंद करत होती. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, ॲप्रनची कॉलर एका बाजूने आत दुमडलेली. शेवटच्या बटणाबरोबर माझ्या डोक्यावरचा पंखा थांबला.

"अहो बाई, इथे जिवंत माणूस आहे!" मी ओरडलो.

ती दचकून वळली. "सॉरी काका. दिसलाच नाहीत."

"एवढा धडधाकट माणूस दिसत नाही, आणि चालू दिवा बरा दिसतो?"

"दिवा चालू असतो ना, म्हणून दिसतो," असं म्हणून तिने पंखा पुन्हा लावला आणि गेली. खरं तर चिडावं असंच उत्तर होतं. मला हसू आलं, आणि आपल्याला हसू आलं म्हणून मी जास्त चिडलो.

तिच्या वर्गातली मुलं तिला 'बटण' म्हणत. मी वयाचा मान राखून 'ताई' जोडलं. ती शेवटच्या वर्षाला होती, आणि दुसऱ्या दिवसापासून माझा खांदा तिच्याच वाट्याला आला.

खांद्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझं सलून आहे. तीन खुर्च्या, तीन आरसे, बाहेर बसायला एक बाकडं. तरुणपणापासून पहिल्या खुर्चीमागे मीच उभा राहत आलोय. मग एका सकाळी शर्टाच्या बाहीत हात घालताना खांद्यात अशी कळ आली की मी आईला हाक मारली, आणि आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. हळूहळू हात वर जाईनासा झाला. गिऱ्हाइकाच्या मानेपर्यंत ठीक, पण टाळूवर कात्री न्यायची म्हटलं की अख्खं अंग तिरकं करावं लागे. डॉक्टरांनी त्याला फ्रोझन शोल्डर म्हटलं. बायको म्हणाली, "जन्मभर दुसऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवलात, आता भोगा."

पहिली खुर्ची मेहुण्याला द्यावी लागली. मेहुणा स्वभावाने सोन्यासारखा आहे, पण त्याला एकच कट येतो. शाळकरी पोरापासून निवृत्त हेडमास्तरांपर्यंत तो सगळ्यांना तोच देतो आणि वर विचारतो, "कसा वाटला?" माझी जुनी गिऱ्हाइकं माझ्याकडे बघून कसनुसं हसायची आणि पुढच्या खेपेला समोरच्या काचेच्या दाराच्या सलूनमध्ये दिसायची. खांदा सुटला नाही तर मी कायमचा गल्ल्यावर बसणार, हे घरात न बोलता ठरत आलं होतं. गल्ल्यावर बसणं वाईट नाही. पण हातात कात्री नसेल तर मी कोण, हे मला अजिबात सांगता आलं नसतं. मला भीती वाटत होती. ती मी रागाच्या आड लपवत होतो, आणि रागाचा माझ्याकडे कधीच तुटवडा नसतो.

तर मी रोज दोन बस बदलून त्या दवाखान्यात जायचो. एक हात चालत नाही, म्हणून दुसऱ्या हाताने दांडा धरून लोंबकळायचं, आणि पोहोचेपर्यंत तोही खांदा दुखायला लागायचा. तिथे लांब खोलीत ओळीने पलंग, मधे हिरवे पडदे, कोपऱ्यात शेकाच्या पिशव्यांची मोठी स्टीलची टाकी. टाकीतलं पाणी दिवसभर कढत असे. मुलं चिमट्याने पिशवी उचलत, टॉवेलात गुंडाळत आणि पेशंटच्या अंगावर ठेवून गायब होत. मग खांद्यावर फिरवायचं एक यंत्र. त्याआधी थंडगार जेल. नंतर जेल पुसायला कागद. प्रत्येक पेशंटसाठी पलंगावर नवा कागद अंथरला जायचा आणि पेशंट उठला की तो चुरगळून टोपलीत. मी सलूनवाला आहे, स्वच्छतेचं मला कळतं. मीही गिऱ्हाइकागणिक ब्लेड बदलतो. पण दुपारपर्यंत ती टोपली ज्या वेगाने भरायची, तो बघून माझ्या बायकोने तिथे भांडण काढलं असतं.

बटणताईला अभ्यासाचा एक प्रकल्प करायचा होता. विषय तिनेच घेतला होता: फिजिओथेरपी शिकणाऱ्या मुलांना पर्यावरणाची किती जाण आहे. ती एकेका वर्गमित्राला गाठून प्रश्न विचारायची, आणि माझ्या खांद्यावर काम चाललेलं असायचं म्हणून बऱ्याच मुलाखती माझ्या अंगावरच झाल्या. तिच्या बॅचमधला एक चष्मेवाला मुलगा होता, हुशार, बोलायला गोड. त्याने एकदा वेळ घालवू नये म्हणून तिला उत्तरं देता देताच माझा खांदा पुसायला घेतला.

"एकदा वापरून फेकायच्या वस्तू आपण टाळायला हव्यात का?" तिने विचारलं.

"अर्थातच," तो म्हणाला, आणि गुंडाळीतून सर्रकन कागद ओढला. "ही तर आपल्या पिढीची जबाबदारी आहे." अजून कागद. "आरोग्यसेवेचाही प्रदूषणात मोठा वाटा असतो." अजून.

"अरे, तेवढ्या कागदात मी आठवड्याच्या दाढ्या उरकतो," मी म्हणालो.

चष्मेवाला लाजला. बटणताई मात्र हसली नाही. तो गेल्यावर ती माझ्या पलंगाच्या कडेला बसून म्हणाली, "काका, सगळ्यांना सगळं माहितीये. एकाचंही उत्तर चुकलं नाही. मला वाटलं होतं, जाण नसेल, मग मी ती आणून देईन. आता काय करू?"

"पोरी, माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक टकल्याला तेलाचे सगळे फायदे तोंडपाठ असतात."

तेव्हा हसली.

माहीत असूनही कोणी काही करत नाही, म्हणून तिने स्वतः करायला घेतलं, आणि तिथेच तिचा घोळ झाला. तिच्या मनात आलं की दुपारच्या सुट्टीत पेशंट नसतात, मग टाकी कशाला तापत ठेवायची? तिने जेवायला जाताना टाकीचं बटण बंद केलं आणि परत आल्यावर लावलं. घरच्या गीझरच्या हिशेबाने ते शहाणपणाचं होतं. पण ती टाकी म्हणजे गीझर नव्हे. त्यातल्या पिशव्यांच्या पोटात मातीसारखं काहीतरी असतं. ते थंडावलं की पुन्हा पुरतं तापायला कितीतरी तास खातं. दुपारचे पेशंट आले आणि सगळ्यांच्या अंगावर शिळ्या चहाइतक्या कोमट पिशव्या पडल्या.

मग जो गोंधळ झाला तो मी मनापासून बघितला, कारण त्यात सगळ्यात मोठा आवाज माझाच होता. "एवढ्या लांबून येतो मी! शेकच नाही तर फिजिओ कसली?" पलीकडच्या पडद्याआडून एक गुडघा ओरडला, त्याच्या पलीकडून एक कंबर. विभागाचे मोठे सर आले. उंच माणूस, मान बगळ्यासारखी लांब, केस कॉलरवर आलेले. त्यांनी टाकीत बोट घातलं, बाहेर काढलं आणि सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "जग वाचवायच्या आधी टाकी शिकून घे." बॅचची मुलं खाली बघत होती. त्यांनाही ओरडा बसणार होता, आणि तो बसल्यावर तीही तिच्यावर उखडली.

तिचे डोळे भरले होते. पण माझा पडदा ओढून ती आत आली तेव्हा आवाज ठाम होता. "काका, शेक नाहीये. तुम्हाला तसंच परत पाठवायची मला लाज वाटते. हात द्या."

तिने मला उताणं झोपवलं, एक साधी काठी दोन्ही हातांत धरायला दिली आणि चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला वर ढकलायला लावलं. मग भिंतीशी उभं केलं आणि बोटांनी भिंत चढायला लावली, जसं लहान मूल चोरून फळीवरच्या डब्याकडे जातं तसं. मग पाठीमागून टॉवेल धरून वरच्या हाताने खालचा हात ओढायचा. मी तिला, तिच्या कॉलेजला आणि ज्याने खांदा नावाचा अवयव काढला त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. ती म्हणत राहिली, "द्या शिव्या, पण श्वास सोडा." पाऊण तास तिने माझा पिच्छा सोडला नाही. नेहमी पिशवी ठेवून गायब व्हायची वेळ तिने त्या दिवशी माझ्यासोबत काढली.

शेवटी दोन पट्ट्यांची कोन मोजायची फूटपट्टी लावून तिने हात कुठवर जातो ते बघितलं. पुन्हा बघितलं. मग स्टूलवर बसली आणि वहीतले माझे जुने आकडे काढून बघायला लागली.

"काय झालं? तुटला का?"

"शेक घेऊन जितका जातो त्यापेक्षा जरा जास्तच गेलाय."

ते तिच्या डोक्यात बसलं. पुढचे बरेच दिवस ती प्रत्येक पेशंटकडे त्या एका नजरेने बघायला लागली. शेकाने बरं वाटतं, यात खोटं काही नव्हतं, आणि काहींना तो हवाच होता. पण बाकीच्यांना तो मिळत होता कारण एका मुलाकडे चार पेशंट असायचे, आणि एकाच्या अंगावर पिशवी ठेवली की दुसऱ्याकडे जाता यायचं. "तो शेक तुमच्यासाठी नव्हता काका," ती म्हणाली. "आमच्यासाठी होता. तुम्हाला वाट बघत ठेवायला."

"वा! म्हणजे मी इतके दिवस शेकत नव्हतो, रांगेत होतो."

"अजून एक सांगू? रागवू नका."

"ते मी ऐकल्यावर ठरवीन."

"मी कागद, वीज, जेल, सगळ्याचा विचार केला. पण या खोलीतली सगळ्यात मोठी नासाडी त्यातली एकही नाही." तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "तुम्ही आहात."

माझ्या दुकानात कोणी असं बोललं असतं तर अर्धी दाढी ठेवून बाहेर काढला असता. "मी? मी नासाडी?"

"तुम्ही नाही हो, तुमचं येणं! रोज दोन बस जाताना, दोन येताना. त्यासाठी टाकी, यंत्र, पंखा, पलंगावरचा कागद. आणि खांद्यासाठी खरं जे केलं ते एका काठीने आणि टॉवेलने झालं. ते तुमच्या घरात आहे. मी तुम्हाला नीट शिकवलं असतं तर तुम्हाला रोज यायचं कारणच नव्हतं."

मी तरातरा उठलो, शर्ट घातला, म्हणजे एका बाहीपर्यंत घातला, उरलेला तिलाच घालून द्यावा लागला, आणि घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मुलगी बरोबर बोलतेय. तुम्हाला उठून जायला कारण हवं असतं एवढंच." मग तिने झाडूची काठी काढून माझ्यापुढे ठेवली.

ठरलं ते असं. मी दवाखान्यात यायचं नाही. बटणताईचं वसतिगृह कॉलेजपासून लांब, माझ्या दुकानाच्याच बाजूला होतं. आठवड्यातून एकदा ती वसतिगृहावर परत जाताना दुकानात डोकावणार, खांदा बघणार, व्यायाम पुढे नेणार. मधे काही वाटलं तर फोन. तिने सरांना विचारलं. सर नाखूश होते, पण बघू म्हणाले.

पहिल्याच आठवड्यात मी घोटाळा केला. मला वाटलं, हिने दिवसातून थोडं सांगितलंय, मी भरपूर करतो, लवकर सुटतो. कोणत्याही कामात मी हात राखत नाही. परिणाम असा की खांदा पेटला. रात्रभर कूस बदलता येईना. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, सांगत होतो, शेकाला जा." बाकड्यावर बसलेल्या प्रत्येक माणसाचं तेच मत पडलं, आणि सलूनच्या बाकड्यावर मतांना कधी तोटा नसतो. मला स्वतःलाही वाटायला लागलं की पोरीच्या नादी लागून आपण खांदा घालवला. फोन केला, आणि खरं सांगतो, भांडायलाच केला.

ती त्याच संध्याकाळी आली. भांडू दिलं नाही. खांदा हातात घेऊन तपासला आणि म्हणाली, "काही बिघडलेलं नाही. एका बैठकीत सगळं करायला गेलात, म्हणून रुसलाय. दोन दिवस हलकं घ्या." मग ती दुकानाच्या मधोमध उभी राहिली आणि बघत राहिली. मेहुण्याने एक गिऱ्हाईक उठवलं, टॉवेल झटकला, दुसरं बसवलं.

"एक गिऱ्हाईक झालं की तुम्ही काय करता?"

"कंगवे धुतो. आरसा पुसतो."

"मग तेव्हाच. एक माणूस उठला की आरशावर बोटांनी चढायचं, एकदाच, सावकाश. दुखेल तिथे थांबायचं, हसून थांबायचं. मग पुढचा माणूस."

त्या एका वाक्याने काम झालं, असं आज मी छातीठोकपणे सांगतो. व्यायामासाठी वेगळी वेळ काढायची म्हटलं की मी एक तर टाळतो नाहीतर जीव काढतो. पण गिऱ्हाईक उठलं की काहीतरी करायचं, हे माझ्या हाडात आहे. दर माणसामागे मी आरसा चढायला लागलो. दाढीचे ब्रश धुताना फेस बोटाला लागलेला असायचाच, त्यामुळे जिथवर हात जाई तिथे पांढरा ठिपका उमटे. दिवसाचा सगळ्यात वरचा ठिपका ठेवायचा आणि सकाळी पुसायचा, अशी रीत पडली. ठिपका आरशातल्या माझ्या चेहऱ्यावर कुठे येतो, हा बाकड्यावरच्या मंडळींना नवा उद्योग मिळाला. "आज भुवईच्या वर जाणार." "काल कानापाशी होता, आज घसरलाय, बायकोशी भांडला असेल." माझी जुनी गिऱ्हाइकं ठिपका बघायला यायला लागली, आणि आली की मेहुण्यासमोर बसावं लागे. त्यांनी तेवढा त्याग केला.

बॅचची मुलंही येऊ लागली. आधी चष्मेवाला आला, केस कापायचं निमित्त काढून. त्याने माझा हात वर खाली करून बघितला, ठिपका बघितला आणि बटणताईला म्हणाला, "माझ्याकडे एक गुडघा आहे. भाजीचा गाडा लावतो तो. त्याला रोज बोलवायची खरंच गरज आहे का, कधी विचारच केला नव्हता." मग तो विचार त्याने केला. मग दुसऱ्या एका मुलीने केला. कोणी पलंगावरच्या कागदाऐवजी रोज धुतल्या जाणाऱ्या चादरी मागितल्या, कोणी टाकी सकाळी किती उशिरा लावली तरी चालते ते तपासलं, आणि या खेपेला आधी टाकी शिकून घेतली. तिने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं ज्यांना पाठ होती, तेच आता एकमेकांना नवा प्रश्न विचारत होते: या माणसाने इथे आलंच पाहिजे का?

आणि त्यामुळेच सर बिथरले. दवाखान्याची गर्दी कमी दिसायला लागली. रिकामे पलंग बघून कॉलेजचे वरिष्ठ सरांनाच विचारणार, विभाग नीट चालत नाही का? त्यांनी बटणताईला बोलावलं. "पेशंट घरी बसवलास. तो बरा होतोय याला पुरावा तुझा शब्द. शुक्रवारी त्याला इथे आण, मी स्वतः मोजतो. खांदा होता तिथेच असला तर हे सगळं बंद, आणि या विभागातली तुझी प्रशिक्षणाची पाळी पुन्हा पहिल्यापासून." पुन्हा करायची म्हणजे तिच्या बॅचची मुलं पदवी घेऊन निघून जाणार आणि ती मागे राहणार.

ती हे सांगायला आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. "काका, शुक्रवारी याल ना?"

"नाही."

"काका!"

"दोन बस बदलून, दांड्याला लोंबकळून, खांदा बरा झाला हे दाखवायला? तूच म्हणालीस, माझं येणं हीच नासाडी. त्यांना सांग, तुमचे केस कॉलरवर आलेत. इकडेच या, एका दगडात दोन्ही कामं होतील."

"मी असं नाही सांगू शकत हो!"

"मग माझं नाव घेऊन सांग. मी त्यांचा विद्यार्थी नाही."

तिने सांगितलं. चष्मेवाल्याने नंतर मला सांगितलं की सर आधी लालबुंद झाले, मग त्यांनी मानेमागे हात नेऊन केस चाचपले, आणि मग हसले. शुक्रवारी संध्याकाळी ते आले. त्यांच्यामागे बटणताई, तिच्यामागे अर्धी बॅच. बाकड्यावरची मंडळी उठून उभी राहिली. माझ्या दुकानात इतके ॲप्रन एका वेळी कधी आले नव्हते.

सरांनी खिशातून ती दोन पट्ट्यांची फूटपट्टी काढली. "शर्ट काढा." मी काढला. दोन्ही बाह्यांतून, एकट्याने. ते त्यांनी बघितलं, हे मी बघितलं. मग त्यांनी हात समोरून वर नेला, बाजूने नेला, कोपर वाकवून बाहेर फिरवला. हात त्यांचे थंड होते, पण पकड जाणकाराची होती. एका ठिकाणी मी ओठ चावला. ते लगेच थांबले. बटणताई तिसऱ्या खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी होती. माझा जीव खांद्यात नव्हता तेव्हा, त्या पोरीत होता.

"अजून थोडा बाकी आहे," सर म्हणाले. "शेवटचा भाग. तो शेक घेऊन—"

"सर, बसा आधी," मी म्हणालो.

मेहुणा सवयीने पहिल्या खुर्चीमागे सरकला. "सरक," मी म्हणालो. तो सरकला. सर बसले. मी कापड झटकून त्यांच्या गळ्याशी बांधलं. उंच माणूस, खुर्चीत बसूनही टाळू माझ्या हनुवटीशी येत होती. खुर्ची खाली करायची कळ होती, मी तिला हात लावला नाही. डाव्या हातात कंगवा घेतला, उजव्या हातात कात्री, आणि कोपर वर नेलं. खांद्याने कुरकुर केली आणि मग वाट दिली. कात्री त्यांच्या टाळूवर सरळ उभी राहिली. मी कापत गेलो. मानेपासून वर, कानांवरून, मग पार मधोमध, आणि एकदाही अंग तिरकं केलं नाही. इतक्या महिन्यांनी माझ्याच हातातून तो करकर आवाज ऐकला आणि माझे डोळे वाहायला लागले. कात्री चालू असल्याने ते पुसता आले नाहीत. पुसायचेही नव्हते.

सर आरशातून सगळं बघत होते. केस झटकून उठले, आरशात दोन्ही बाजूंनी डोकं फिरवून बघितलं, आणि बटणताईकडे वळले. "सोमवारपासून पूर्ण बॅच. पेशंट आला की पहिल्या दिवशी ठरवायचं, त्याला पुन्हा कधी यावं लागेल आणि घरी काय करायचं. रिकाम्या पलंगांचं वर काय सांगायचं ते मी बघतो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तो शेवटचा भाग सोडू नका." केस कापल्याचे पैसे मी घेतले. फुकट कापले असते तर त्यांना उपकार वाटले असते.

मुलं हसत बोलत निघाली. चष्मेवाल्याने टाळी मागितली, मी उजव्या हाताने, वर करून दिली. बटणताई मागे राहिली. तिने माझा खांदा एकदा शेवटचा फिरवून बघितला, कुठे काय जपायचं ते सांगितलं. मग म्हणाली, "काका, आता पुढच्या आठवड्यात मी येणार नाही. गरज नाही उरली."

मला हे कळायला हवं होतं. तिचं सगळं म्हणणंच ते होतं. तरी मी धुतलेलेच कंगवे पुन्हा धुवायला घेतले. आठवड्याच्या त्या एका संध्याकाळी मी दुपारपासून दाराकडे बघत असायचो, बायको तिच्यासाठी डब्यात काहीतरी देऊन ठेवायची, मेहुणा गुपचूप बाकडं झटकायचा. जरा कळ येतेय, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. ती आली असती. पुढच्या आठवड्यात, त्याच्या पुढच्याही. शब्द जिभेवर आले होते, आणि मी ते गिळले, कारण ते खोटं बोलून मी तिचंच काम मातीत घातलं असतं.

"नको येऊस," मी म्हणालो. "काही दुखत नाही."

तिला कळलं असावं. ती माणसांचे खांदे वाचते, आणि माझा तर तिने तळापासून वाचला होता.

"केस वाढले की ये," मी म्हणालो. "उजव्या हाताने कापीन."

"येईन ना," ती म्हणाली आणि अंबाड्यातली पेन्सिल काढून ॲप्रनच्या खिशात टाकली. केस मोकळे होऊन कमरेपर्यंत आले. ते कापायचा तिचा काहीएक विचार नव्हता, आणि हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.